शिशाचे मावळे

लोणावळ्याला रेल्वेच्या डब्यांवर आकडे रंगवणाऱ्या श्रीपतीचा हात इतका स्थिर होता, की खंडाळ्याचा एक बंगलेवाला साहेब त्याला दर रविवारी शिशाचे बोटभर सैनिक रंगवायला बोलवायचा. चार वर्षांत त्याने रोमन रंगवले, फ्रेंच रंगवले, जर्मनही रंगवले. मग १९६५ साली साहेबाने मावळे ओतून घेतले आणि श्रीपतीला हुरूप आला. त्याने त्यांना गावातल्या माणसांचे चेहरे दिले. एकाला तर आपल्या वारलेल्या बापाच्या पांढऱ्या मिशा.

साहेबाने टेबलावर त्या सैनिकांच्या लढाईचा डाव मांडला त्या दुपारी श्रीपती कौतुकाने दाराशी उभा राहिला. पाहुणे फासे टाकून कोणता सैनिक मेला ते ठरवत होते. तो मिशीवाला मावळा मेला, तशी एकाने त्याच्या तोंडावरच सिगारेट विझवली. रंग फसफसून काळा झाला. सगळे हसले, साहेबही हसला.

श्रीपती दारातून पुढे आला.

"पुढच्या रविवारी नवं तोंड काढ त्याला," साहेब म्हणाला.

"माझ्या बापाचं त्वांड हाय ते," श्रीपती म्हणाला. "शिसारी आली मला तुमची. आता तुमचं तुमी रंगवा."

तो चालतच घरी आला. बायकोने ताट वाढलं, पण जळक्या रंगाचा वास नाकातून जाईना. दोन घासांवरच तो उठला.

त्या बंगल्याची पायरी तो पुन्हा चढला नाही.