घरी कशाला हात लावला?

आमच्या दुकानात दोरखंड, ताडपत्र्या, फावडी आणि मालक एवढा माल आहे, त्यातला मालक कधी जागेवर सापडत नाही, असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खोटं नाही ते. आदिलाबादच्या कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. गल्ल्यावर अर्धा तास बसलो की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागतो. मग मी उठतो, ताडपत्र्यांची थप्पी उगाच सरळ करतो, बाहेर जाऊन मोटरसायकलच्या सीटवरची धूळ पुसतो. आतून आवाज येतो, "जा एकदाचे. पण येताना भाजी आना." बायकोला माहीत असतं की भाजी आदिलाबादेतच मिळते आणि मी निघालोय पैनगंगेच्या पुलापलीकडे.

गाडी जुनी आहे. किकची, कार्बोरेटरची, आता तसल्या निघत नाहीत. तिच्यावर मी नागपूर केलं, नांदेड केलं, हैदराबाद कितीदा केलं ते मोजलं नाही, एकदा श्रीशैलमपर्यंत जाऊन आलो. कुणी विचारतं, काय काम होतं? काम नसतं. काय पाहिलं? रस्ता पाहिला. हे उत्तर ऐकून लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात ती आता अंगवळणी पडली आहे. गुडीहत्नूरला हमरस्ता सोडून डावीकडे उटनूरच्या रस्त्याला लागलं की छातीतलं काहीतरी सैल होतं. ते का होतं हे मला कधी कळलं नाही, आणि कळून घ्यायला थांबायची सवयही नाही.

गाडी सोडून जगात एकच जागा अशी होती जिथे मी शांत बसायचो. काकांच्या गॅरेजमधलं पत्र्याचं स्टूल.

काका माझे नात्याने कुणी नाहीत. आमच्याच बाजूच्या, सीमेवरच्या गावातून तरुणपणी इथे आलेले मिस्त्री. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका शटरचं गॅरेज आहे. गाड्या दुरुस्त करणाऱ्या बहुतेक माणसांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "याला आधी कुणी हात लावला?" म्हणजे आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालायची प्रस्तावना. काकांचं पहिलं वाक्य वेगळं होतं. ते गाडीकडे पाहतसुद्धा नसत. हात पुसत गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "आदी सांग, घरी कशाले हात लावला?"

त्याचं उत्तर मिळेपर्यंत पाना उचलत नसत. कारण आमच्याकडे प्रत्येक घर हे अर्धं गॅरेज असतं. कुणी क्लचच्या वायरला सुतळी बांधतो, कुणी गळक्या टाकीवर साबण चोळतो. आणि सगळे जण काकांसमोर एकच सांगतात, "काई नाई." मीही गेली कित्येक वर्षं हेच सांगत आलो. काका एक पाना पायाशी आपटायचे, "बरं, काई नाई तर काई नाई," म्हणायचे आणि कामाला लागायचे. काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा त्यांचा दुसरा नेम. मी ते पुडकं दुकानात नेऊन गल्ल्याखालच्या खोक्यात टाकायचो आणि विसरायचो.

त्या हिवाळ्यात गाडीला एक विचित्र रोग जडला. गावात बिनतक्रार चालायची. लांब निघालं की तासाभराने, बहुतेकदा उटनूरच्या पुढे, एकदम दम टाकायची. किक मार मार मारावी, काही नाही. हताश होऊन झाडाखाली बसावं, दहा मिनिटांनी किक मारली की जसं काही झालंच नाही अशी चालू. पुन्हा तासाभराने तेच.

दुसऱ्याला हा त्रास कदाचित किरकोळ वाटेल. मला तो जिव्हारी लागला. चालती गाडी केव्हा बंद पडेल हे ठाऊक नसलं की रस्ता रस्ता राहत नाही. मी आवाजाकडे कान लावून गाडी चालवायला लागलो. छाती सैल व्हायच्या ऐवजी गुडीहत्नूर आलं की आवळायला लागली.

काकांकडे गेलो. "घरी कशाले हात लावला?"

"काई नाई."

"टाकीले?"

"नाई म्हनलं ना काका."

त्यांनी प्लग पाहिला, कार्बोरेटर उघडून धुतला, गल्लीत दोन चकरा मारल्या. गाडी गावात कशाला बंद पडते! मग म्हणाले, "टाकी उतरवून पाहा लागते. दोन दिवस सोड."

दोन दिवस! मी नुकतीच टाकी काठोकाठ भरून आणली होती आणि सकाळी मला निघायचं होतं. कुठे ते ठरलं नव्हतं, पण निघायचं होतं. "टाकीत काय ठेवलं हाये काका, पेट्रोलच तर हाये," म्हणून मी किक मारली. पाठीमागून ऐकू आलं, "उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग." मी हसलो नाही.

मग मी दारोदार हिंडलो. नांदेडला एकाने कॉइल बदलली. नागपुरात एका मोठ्या चकचकीत शोरूममध्ये मला काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसवलं आणि गाडी काचेच्या पलीकडे नेली. चार तास मी सोफ्याभोवती फिरत होतो. त्यांनी वायरिंग बदललं. गाडी परतीच्या वाटेवर बंद पडली. निर्मलला एका मिस्त्रीने कार्बोरेटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "हा या गाडीचा नाहीच. कुणीतरी तुमचा काढून घेतला."

ते वाक्य मी निर्मलपासून आदिलाबादपर्यंत चघळत आलो. घाटात एकदा आणि घाट संपल्यावर एकदा, अशी दोनदा गाडी थांबली. थांबलं की राग उकळायला निवांत वेळ मिळतो. गावात शिरलो तेव्हा मला खात्री पटली होती.

बाजाराच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. हंगामाचे दिवस, कापसाच्या गाड्यांची रांग, हमाल, अडते, गाडीवान सगळे तिथेच. मी काकांच्या गॅरेजकडे गेलो नाही. टपरीवर उभा राहिलो आणि ओळखीचे चार जण दिसताच मोठ्याने म्हणालो, "म्हाताऱ्यानं माया गाडीचा कार्बोरेटर बदलला. इतके वर्ष इस्वास ठेवला, आन चोरानं हातोहात लंपास केला."

काका किटलीत चहा घ्यायला आले होते. ते माझ्या मागेच उभे होते.

त्यांनी किटली भरून घेतली. माझ्याकडे पाहिलं. "टाकी दोन दिवस सोड म्हनलं होतं," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्यानंतर काही महिने मी त्या गल्लीतून गेलो नाही. स्टूल गेलं. ते गेल्यावर कळलं की माझं बसणं म्हणजे तेवढंच होतं. दुकानात पाय आणखी हलायला लागला. बायको म्हणाली, "गाडीसाठी भांडले की भांडायसाठी गाडी ठेवली?" मी तिच्यावरही ओरडलो.

उन्हाळा लागला तेव्हा बेल्लमपल्लीला निघालो. तिथे माझी मोठी बहीण असते. भाऊजी खाणीत आहेत. बहीण निमित्त होती हे बहिणीलाही ठाऊक आहे. आसिफाबादपर्यंत गाडी तीनदा थांबली. बेल्लमपल्लीत शिरता शिरता, खाणीच्या क्वार्टरांजवळ चौथ्यांदा थांबली ती उठेचना. ढकलत एका पत्र्याच्या शेडपाशी नेली. तिथला मिस्त्री जाडजूड, सावकाश बोलणारा तेलुगू माणूस होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, टाकीवर टिचकी मारली आणि उद्या या म्हणाला. माझ्यापाशी दुसरा इलाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेलो तर टाकी उतरवलेली, पेट्रोल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात काढलेलं. त्याने काडीने तळाशी ढवळलं आणि काडी वर उचलली. काडीला ओलं, मळकट, पिंजलेलं काहीतरी लोंबत होतं. "पत्ती," तो म्हणाला. तेलुगूत कापूस. मग त्याने टाकीखालचा, पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक दाखवला. त्याच्या जाळीवर तसाच कापसाचा थर बसला होता. गाडी पळायला लागली की पेट्रोलच्या ओढीने कापूस जाळीला चिकटणार, पेट्रोल अडणार, गाडी मरणार. गाडी थांबली की कापूस सुटून पुन्हा तरंगणार. लहान मुलाला समजावं इतकं सोपं होतं.

"टाकीत कापूस कोण घालतं?" त्याने विचारलं.

मी घातला होता.

पावसाळा संपता संपता टाकीच्या झाकणाचं रबर कुजलं होतं. खड्ड्यात गाडी आदळली की पेट्रोल उसळून माझ्या पँटवर यायचं. नवं रबर मिळेपर्यंत थांबायला वेळ कुणाला? गावाकडे घरात कापूस पडलेला होता, वेचणी चालू होती. आमच्या घरात कापूस हे सगळ्याला औषध: कानात कापूस, जखमेवर कापूस, दिव्यात कापूस, लोणच्याच्या बरणीचं झाकण ढिलं झालं तर कडेने कापूस. मी मूठभर उपटला, सरकी काढली, पिळून झाकणाखाली कोंबला. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना भिजलेला कापूस तुटायचा, थोडा आत पडायचा, मी वर नवा लावायचो. महिन्याभराने सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली आणि कापसाचं साफ विसरलो. काकांनी टाकीचं नाव घेऊन विचारलं होतं. मी नाही म्हणालो होतो.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबली नाही. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सरळ, सलग, घाटातून वर, उटनूरवरून गुडीहत्नूरला, आणि मला एक क्षणही सुख झालं नाही. बंद पडली असती तर बरं, असं वाटत होतं.

दुकानात येऊन गल्ल्याखालचं खोकं उलटं केलं. जुने प्लग, क्लच प्लेटा, केबली, आणि एका पुडक्यात माझा कार्बोरेटर. गाडीबरोबर आलेला, बाजूने चीर गेलेला. काही वर्षांपूर्वी काकांनी तो माझ्यासमोर बदलला होता आणि जुना माझ्या हातात दिला होता. मी तेव्हा निघायच्या घाईत असणार, दुसरं काय. बायकोने पुडकं पाहिलं, टबातल्या कापसाची हकीकत ऐकली. "काखेत कळसा आन गावाले वळसा," म्हणाली, आणि मग, "त्या बिचाऱ्या मानसाले चोर म्हनले तुमी." मला तोंड वर करून तिच्याकडे पाहवलं नाही.

गॅरेजात गेलो तेव्हा काका एकटेच बसले होते. दुपारच्या वेळी त्यांच्याकडे नेहमी तीन-चार गाड्या उभ्या असायच्या. एकही नव्हती. मी पुडकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. कापूस मीच कोंबला, कार्बोरेटर माझ्याच घरी होता, चुकलो, माफ करा.

त्यांनी पुडकं उघडलंही नाही. "माया कानात कायले सांगतं? बाजारात बोल्ला होता ना? मंग तथीच सांग."

गॅरेजपासून टपरी दोनशे पावलं असेल. गाडी तिथेच ठेवून मी चालत गेलो. एक चहा घेतला. तेच चेहरे होते, तेवढेच, जरा कमी. पाय हलायला लागला. दुसरा चहा घेतला. निघून जावं, किक मारावी, सरळ हमरस्त्याला लागावं, असं इतकं वाटलं की खिशातली किल्ली हातात आली होती. पण गाडी काकांच्या दारात होती. मी ग्लास ठेवला आणि बोललो. ज्या आवाजात चोर म्हणालो होतो त्याच आवाजात बोलायचं होतं. तो निघेना, पण निघाला तेवढा काढला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग एक हमाल ओरडला, "म्हंजे गाडीच्या कानात कापूस घातला, आन मिस्त्री बहिरा म्हनून बोंबलला!" सगळे पोट धरून हसले. ते हसणं मला चाललं असतं. पण एक अडत्या हसत नव्हता. तो म्हणाला, "आन मी तुया बोलन्यावर माई गाडी दुसरीकडे नेली. तीन महिने झाले." दुसऱ्याने मान हलवली. त्यानेही नेली होती.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रिकामं गॅरेज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो होतो, तरीही.

परत आलो तेव्हा अडत्या माझ्या मागोमाग आपली गाडी ढकलत येत होता. काकांनी दोघांनाही पाहिलं. तोवर त्यांनी माझ्या टाकीच्या झाकणातली ट्यूबची चकती उपटून फेकली होती आणि नवं रबर बसवलं होतं. हात पुसत माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "आता सांग. घरी कशाले हात लावला?"

"काई नाई" हे शब्द जिभेवर तयार होते. मी ते गिळले.

"चेनले तेल देल्लं काका," मी म्हणालो. "जवसाचं. घरचं."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. जवसाच्या तेलाने चेन चिकटून बसते, हे त्यांनी मला पूर्वी किती वेळा सांगितलं असेल. पायाने पत्र्याचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "दोन दिवस सोड गाडी."

मी बसलो.