करून राहिलो

नायब तहसीलदार व्हायचं, या एका वेडापायी मी नागपूरला लोकप्रशासन शिकलो. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात सगळे धानाच्या बांधीत उतरलेले असत, आणि मी ओसरीवर जमीन महसुलाचे कायदे घोकत बसे. ते तोंडपाठ होतात न होतात तोच छप्पन साली आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. तहसीलदाराचा मामलतदार झाला आणि माझं पाठांतर मातीमोल. राज्यं जोडण्याआधी मला एकदा विचारायचं तरी, अशी चिडचिड करत मी पुन्हा पहिल्यापासून घोकायला लागलो.

लेखी परीक्षा पार पडली. मुलाखत मुंबईला होती आणि वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटचीच संधी होती. समोर तिघे बसलेले. एकाने गोडीने विचारलं, "सध्या काय करता?"

"अभ्यास करून राहिलो, साहेब."

"करून? म्हणजे संपला?"

"नाही जी, करून राहिलो."

"कुठे राहिलात?"

"तिरोड्याजवळ."

तिघेही हसले. वाईट हेतूने नसतील हसले, पण माझी कानशिलं तापली. आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे 'करतो आहे', एवढं सांगायचंही सुचलं नाही. पुढे तलावांच्या पाणीवाटपावर विचारलं. लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट! पण प्रत्येक वाक्य पुण्याच्या मापाचं करूनच तोंडाबाहेर काढायचं, या धडपडीत उत्तर अर्ध्यावरच थांबलं.

मुंबईहून परतल्यावर मी गोंदियातच थांबलो होतो, निकाल तिथेच कळला. माझी निवड झाली नव्हती. आता जगून करायचं काय, असं खरंच वाटत होतं. तसाच घरी आलो. मायने पाण्याचा गडवा पुढे केला.

"काऊन असा उभा राहून राहिलास, बापू? जेव ना."

"मला भूक नाही, आई. मी नंतर जेवेन."

मुंबईहून आल्यापासून माझी जीभ अशीच चोरासारखी गावची बोली लपवत होती. मायचा चेहरा एकदम फुलला.

"किती सायबावानी बोलून राहिलास रे! लागली ना नोकरी?"

मी तोंड उघडायच्या आत ती दाराबाहेर धावली आणि बांधीतल्या बाबांना ओरडून सांगू लागली.