नैवेद्याचा नारळ

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत कलावतीबाईंच्या उकडीच्या मोदकांना मान होता. त्यांचे यजमान पोपटराव म्हणायचे, "हिच्या मोदकाच्या पाकळ्या मोजत बसलात तर जेवण निवायचं!"

कलावतीबाईंची हृदयाची बायपास ठाण्याला झाली. ऑपरेशननंतर त्यांचं हृदय मध्येच वेडंवाकडं धावू लागलं आणि मग आपसूक ताळ्यावर आलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ठोके आता ठीक आहेत, पण हे दुखणं वर्षांनीही चोरपावलांनी परतू शकतं. तुम्हाला कळणारही नाही. हृदयात गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. रक्त पातळ ठेवायची गोळी मला विचारल्याशिवाय सोडायची नाही."

तेव्हापासून गोळी हातावर ठेवायचं काम सुनेनं, संचितानं घेतलं.

"ही माझी सासू झालीय," कलावतीबाई शेजारणींना सांगायच्या. "गोळी तोंडात टाकेस्तोवर हलत नाही मेली!"

"आणि तुम्ही माझी हट्टी लेक," संचिता हसायची.

दोन वर्षं सुरळीत गेली. यंदा नारळी पौर्णिमेला नारळ खवताना विळीनं बोट कापलं. जखम एवढीशी, पण गोळीमुळे रक्त खळेना. हळद दाबली, चिंधी बांधली, तरी थेंब चवात पडलाच. परातभर खोबरं टाकून द्यावं लागलं. देवापुढे त्या दिवशी नुसती साखर ठेवली.

"गणपतीत असं झालं तर?" त्यांनी पोपटरावांना विचारलं.

"तर मोदक बाहेरून आणू."

"बाहेरून? आपल्या बाप्पाला? जीभ कशी वळली हो तुमची?"

छातीत तर काहीच होत नव्हतं. बाप्पा गेले की गोळी परत सुरू करू, असं त्यांनी स्वतःशीच ठरवलं. संचितानं दिलेली गोळी गालात धरायची, वर घोटभर पाणी प्यायचं आणि ती पाठमोरी झाली की मोरीत थुंकायची. कुणाला पत्ता नाही.

चतुर्थीचे मोदक पांढरेशुभ्र उतरले. कलावतीबाईंनी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत हात जोडले.

गौरीगणपती निघायच्या दिवशी आरतीचं तबक त्यांच्या उजव्या हातातून कलंडलं.

"अगं, सांभाळून..." पोपटराव पुढे झाले, तर बायकोचं तोंड एका बाजूला ओढलेलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "ठोके पुन्हा बिघडलेत. गोळी चालू होती ना?"

"एकही चुकली नाही," पोपटराव म्हणाले. "सूनबाई स्वतः द्यायची." मग ते संचिताकडे वळले. "दिलीस ना गं रोज? आठवून बघ."

"दिली, बाबा... म्हणजे, गौरींच्या गडबडीत... मला आता खरंच सांगता येत नाही."

पोपटरावांनी तोंड फिरवलं. बाहेर जाऊन बाकावर बसले.

कलावतीबाईंना सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं; लकव्यानं जीभ मात्र ताब्यात नव्हती. संचिता खाटेशी वाकली. डोळे सुजलेले.

"आई, माझ्याकडूनच राहिली ना गोळी?"

नाही गं पोरी. नाही. मीच. कलावतीबाईंनी उरलासुरला सगळा जीव ओठांशी आणला.

"हो," तोंडातून आलं.

त्या हादरल्या. पुन्हा जोर केला. नाही, नाही म्हणायचंय मला!

"हो... हो."

संचितानं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.