कॉलरच्या आत दानेश्वरी

सोलापुरात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. उसाच्या रसाच्या गाड्यावर आणि मासळीवाल्याच्या पेटीत. तरीही अक्कलकोट रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बर्फावर घसरणाऱ्या लोकांचे सूट शिवले जात होते, आणि शिवणाऱ्या बायका पंख्याखाली पदराने मान पुसत होत्या.

शेडवर पाटी होती, ‘दानेश्वरी ड्रेसेस’. पाटी रंगवून घ्यायला गेला तेव्हा दानेश्वरीच्या नवऱ्याने, महेश्वरने, स्वतःचं नाव सांगितलं होतं. सासू निंगव्वा पेंटरच्या दुकानाच्या पायरीवरूनच ओरडली होती, “शिवतंय कोण?”

“दानेश्वरी.”

“मग तुजं नाव कशाला? तू काय धागा हायस व्हय?”

दानेश्वरी अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावची. घरात कन्नड, शाळेत मराठी. लग्न होऊन सोलापुरात आली आणि पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या शर्टांना काजं-बटणं करत राहिली. मग भाड्याचं मशीन, मग स्वतःचं, मग शेड आणि हाताखाली बायका. धंदा शाळेच्या गणवेशांचा. कुठल्या कुठल्या जिल्ह्यातली पोरं तिने शिवलेल्या चड्ड्या घालून शाळेत जायची. पण त्या चड्डीवर नाव असायचं विकणाऱ्या दुकानाचं आणि शर्टाच्या खिशावर शाळेचं. दानेश्वरी कुठेच नसायची.

“पाटीवर हायस की,” महेश्वर म्हणायचा.

“पाटी घालून कोण शाळेत जातंय?”

जून-जुलै सरला की गणवेशाच्या मशिनी रिकाम्या पडतात. त्या रिकाम्या महिन्यांत एका ओळखीतून दिल्लीच्या व्यापाऱ्याचं काम आलं. आत कापूस भरलेली जाड जाकिटं आणि विजारी. पहिल्या वर्षी सगळा माल गेला आणि दिल्लीवाल्याचा फोन आला.

“महेश्वरजी, पँट के नीचे इतना कपड़ा क्यों मोड़ा है?”

महेश्वरने फोन हातात धरून शेडकडे बघितलं. एकाही बाईच्या ध्यानात आलं नव्हतं. शाळेची विजार शिवताना खाली चार बोटांची घडी आत ठेवायची, ही त्यांच्या हाताची सवय. पोरगं वाढलं की आई घडी उसवते आणि विजार आणखी एक वर्ष चालते. कुणी सांगायला लागत नाही, हातच ठेवतो. तीच घडी त्यांनी बर्फावरच्या बाप्यांच्या विजारींनाही ठेवली होती.

“साहेब विचारतोय, मोठी माणसं वाढत्यात का?” महेश्वर म्हणाला.

“दिल्लीत खाऊन-पिऊन सुखी असत्याल,” रेश्मा म्हणाली. रेश्मा तिथली सगळ्यात जुनी कामगार आणि सगळ्यात तिखट जीभ. शेडभर हसू पसरलं. दानेश्वरीला मात्र काम जाणार असं वाटलं.

गेलं नाही. दुसऱ्या वर्षी उलट निरोप आला, घडी तशीच ठेवा. का, ते कुणी सांगितलं नाही. दानेश्वरीने संधी साधली. फोन महेश्वरच्या हातातून घेतला आणि म्हणाली, “साब, इस साल हमारा नाम डालेंगे अंदर. कॉलर में.”

पलीकडून हसल्याचा आवाज आला. “डाल दीजिए भाभीजी. आप भी क्या याद रखेंगी.”

तिने कापडी पट्ट्या विणवून आणल्या. लाल काठ, मधे ‘दानेश्वरी, सोलापूर’. नमुन्याच्या जाकिटांना त्या स्वतः लावल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मापासाठी महेश्वरला सूट घालून उभं केलं. ऑगस्टचा उकाडा, वरून पत्रा तापलेला.

“दाजी, हात वर,” रेश्मा म्हणाली. “आता बसा. आता पळा बगू.”

“दानेश्वरी, आत पाऊस पडाय लागलाय.”

“मग बरोबर शिवलंय. बाहेर एक थेंब न्हाय आला.”

ऑक्टोबरात दिल्लीवाल्याने महेश्वरला दिल्लीला बोलावलं. बर्फावरच्या खेळांच्या सामानाचं मोठं प्रदर्शन होतं, तिथे दानेश्वरीचे नमुने टांगले होते; तिथेच भेटून पुढच्या वर्षाचं ठरवू म्हणाला. तुम्ही एकटे या, असंही म्हणाला.

“मी येणार,” दानेश्वरी म्हणाली. “माजं नाव तितं टांगलंय. मी बगणार.”

“मला बरफ बगायचाय,” निंगव्वा म्हणाली.

“मी नाही आले तर तुम्हाला तिथलं इंग्रजी कोण वाचून दाखवणार?” लेक प्रियंका म्हणाली. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

एकट्याला बोलावलेला महेश्वर तीन बायकांना घेऊन कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि निंगव्वाच्या मांडीवर दोन स्वेटर.

प्रदर्शनाच्या दारातल्या मुलीने गळ्यात घालायच्या पासासाठी कंपनीचं नाव विचारलं. महेश्वरने दिल्लीवाल्याचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दानेश्वरी पुढे झाली. “दानेश्वरी ड्रेसेस, सोलापूर.” मुलीने ते छापलं. निंगव्वाने आपला पास उलटसुलट बघितला आणि पदराबाहेर काढून ठेवला.

आत भलामोठा मांडव, थंडगार. भिंतीएवढे डोंगरांचे फोटो. पायाला बांधून घसरायच्या लांब पट्ट्या कोपऱ्याकोपऱ्यांत उभ्या केलेल्या. बूट असे, की पाय मोडल्यावर दवाखान्यात घालतात त्या प्लास्टरसारखे. मधोमध पोरांना घसरायला पांढरा उतार केला होता. निंगव्वाने स्वेटर अंगात चढवला, वाकली, मूठभर पांढरं उचललं आणि बोटांत चुरडलं.

“थर्माकोल.”

“अत्ती, टाका ते.” दानेश्वरी सासूला कन्नड चालीने अत्ती म्हणायची.

“दिल्लीला येऊनबी थर्माकोलच. आपल्या गल्लीतली पोरं गणपतीला याच्यापेक्षा बरा हिमालय करत्यात.”

दिल्लीवाल्याचा गाळा कोपऱ्यावर होता. काचेसारख्या उजेडात एक पुतळा उभा, आणि त्याच्या अंगात त्यांचा सूट. दानेश्वरीने लांबूनच ओळखला. खिशाच्या तोंडाशी दुहेरी टाका, तो रेश्माचाच. आपलं पोर दुसऱ्याच्या लग्नात नटूनथटून उभं दिसावं, तशी ती हसत हसत पुढे गेली.

गाळ्यावरचा टाय लावलेला पोरगा एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. माणूस मनालीकडचा, बर्फावर घसरायला शिकवायची शाळा चालवणारा. पर्यटकांना सूट भाड्याने द्यायला त्याला माल हवा होता.

“ये देखिए सर,” पोरग्याने पुतळ्याची विजार खालून उलटी केली. “युरोपियन डिझाइन. अंदर फोल्ड है. लंबा कस्टमर आया तो धागा खोलिए, पाँच मिनट में पँट लंबी. छोटा आया, वापस टाँक दीजिए. भाड़े के काम के लिए ही बनाया है उन्होंने.”

प्रियंकाने बाजूचा फलक वाचला आणि आईच्या कानाशी म्हणाली, “आई, घडीला नाव दिलंय. ग्रो सिस्टीम. युरोपात शोध लागला म्हणे.”

निंगव्वाला उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा ती अशी हसली की शेजारच्या गाळ्यावरची माणसं वळली. “पाचवी ब,” ती म्हणाली. “आगं ही तर पाचवी बची चड्डी.”

दानेश्वरी हसली नाही. तिने पुतळ्याची कॉलर उलटी केली. आत काळी चकचकीत पट्टी, परक्या अक्षरांची. पट्टीच्या कडेला बारीक भोकांची ओळ. आधीची शिवण उसवून नवी घातली की कापडावर तशी भोकं राहतात. तिने त्यावरून बोट फिरवलं.

“मॅडम, प्लीज डोंट टच,” पोरगा म्हणाला.

“ये मैच सियी,” दानेश्वरी म्हणाली.

“जी?”

“मैच सियी ये. सोलापूर में. ये युरोप-बिरोप कुछ नहीं, ये हमारी घडी है. बच्चे बढ़ते ना, उसके वास्ते रखते.”

मनालीवाला वळून बघायला लागला. तेवढ्यात आतून दिल्लीवाला आला. गोरा, गुबगुबीत, हात जोडलेले. महेश्वरला मिठी मारली, निंगव्वाच्या पाया पडला, सगळ्यांना गाळ्याच्या मागच्या पडद्याआड घेऊन गेला. चहा मागवला.

“भाभीजी, बात समझिए. मनाली-गुलमर्गवाला सोलापूर का नाम पढ़ेगा तो हाथ नहीं लगाएगा. बोलेगा, जिधर बर्फ नहीं पड़ती उनको क्या मालूम. नाम से माल बिकता है.”

“तो हमारे नाम से बेचो.”

“अगले साल का पूरा काम आपको. इससे दुगुना. साल भर मशीन बंद नहीं होगी. बस ये नाम-वाम छोड़ दीजिए और बाहर कुछ मत बोलिए.”

महेश्वरने चहाचा कप खाली ठेवला. साल भर मशीन बंद नाही, हे ऐकायला तो किती वर्षं थांबला होता, ते दानेश्वरीला माहीत होतं. तो हळूच मराठीत म्हणाला, “नाव आतच असतंय की गं. कॉलरच्या आत. कोण बगतंय?”

“कोण बगत न्हाय तर ह्यानं उसवलं कशाला?”

महेश्वरने कप पुन्हा उचलला.

“अवो, मला दुगुनं नको. हाय तेवढंच द्या म्हणा, पण पट्टी लावून. एवढंच इचारा त्याला.”

महेश्वरने विचारलं. दिल्लीवाल्याने मान हलवली, हसतच, लहान पोराला नाही म्हणावं तशी. मग हसू थांबवून म्हणाला, “तो कल से काम बंद समझिए.”

“समझी,” दानेश्वरी म्हणाली आणि उठली.

“सोच लीजिए. सोलापूर में दस दर्जी मिलेंगे मुझे.”

“दस क्या, सौ मिलेंगे. एकेक की कॉलर उसवते बैठो.”

ती पडद्याबाहेर आली आणि पुतळ्याशेजारी उभी राहिली. गळ्यातला पास सरळ केला. येईल त्या माणसाला सांगायला लागली, ये मैच सियी, सोलापूर में. कुणी थांबायचं, कुणी हसायचं, कुणी फोटो काढायचं. मनालीवाला मघापासून थांबला होता. त्याने विजारीची घडी स्वतः उसवून बघितली, दोन प्रश्न विचारले, प्रियंकाकडून फोन नंबर घेतला आणि काही न ठरवता निघून गेला. निंगव्वा बूट घालून बघायच्या खुर्चीत बसून राहिली. टायवाला पोरगा तिला उठवायला आला तर म्हणाली, “सुम्न कूड.” त्याला कन्नड येत नव्हतं, पण गप बस म्हणतेय एवढं त्याला आवाजावरून कळलं.

शेवटी पहारेकरी आला. म्हातारा होता, ओशाळला होता. “अम्मा, चलिए. मेरी नौकरी का सवाल है.”

दानेश्वरीने त्याच्याकडे बघितलं. “तेरे वास्ते जाती. उसके वास्ते नहीं,” ती म्हणाली आणि सगळे निघाले. महेश्वर सर्वांत मागे होता. फाटकाशी आल्यावर तो थांबला, परत आत गेला आणि थोड्या वेळाने बाहेर आला.

“काय विसरला?”

“काय न्हाय. त्याला सांगून आलो, पाया पडाय माज्या आईच्या वाकू नको परत.”

सोलापुरात शेडमध्ये बायका वाट बघत होत्या. दानेश्वरीने सगळं सांगितलं, जसं झालं तसं. बायका रंगून ऐकत होत्या. पाचवी ब आली तेव्हा हसल्या. ‘काम बंद’ आलं तेव्हा कुणी हसलं नाही. अंकिता नावाच्या नव्या पोरीने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

रेश्मा उठून उभी राहिली.

“अक्का, एक इचारू? रागावशीला.”

“इचार.”

“त्यानं तुमचं नाव काढलं म्हणून तुमी काम सोडून आलाव. बरं केलाव. मीबी सोडलं असतं. पण त्या पट्टीवर माजं नाव कुटं हुतं?”

रेश्माने एकेका मशीनकडे बोट केलं.

“खिसा मी लावला. चेन अंकितानं. घडी आमी सगळ्यांनी. नाव तुमचं एकटीचं, आन आता शाळंचं काम येईपर्यंत रिकामं बसायचं आमी सगळ्यांनी. ह्ये कसं?”

महेश्वर काहीतरी बोलायला गेला. निंगव्वाने त्याचा सदरा मागून ओढला.

दानेश्वरीचा चेहरा आधी तापला, मग उतरला. ती म्हणाली, “खरं हाय.” मग म्हणाली, “शाळंचं काम तर आपलंच हाय. त्यात कुणी बोलायचं न्हाय आपल्याला.”

“शाळंच्या कपड्यावर दुकानाचं नाव असतंय.”

“बाहेर असतंय. आत कुणाचंच न्हाय.”

त्या हिवाळ्यात शेड खरंच रिकामी पडली. दोघी-तिघी दुसऱ्या कारखान्यात गेल्या. महेश्वरने लोकांच्या गोधड्या शिवायला आणल्या आणि कुरकुरत शिवल्या. मनालीवाल्याचा फोन आला नाही, आणि येईल असं दानेश्वरीने कुणाला सांगितलंही नाही. फेब्रुवारीत गणवेशाचा हंगाम लागला तशा गेलेल्या बायका परत आल्या. रेश्मा कुठे गेलीच नव्हती.

जूनमध्ये नातेपुत्याच्या दुकानदाराचा फोन आला. गणवेश घेणारं जुनं गिऱ्हाईक.

“अहो ताई, हे काय लावलंय? एका पोराच्या चड्डीच्या खिशात आतून ‘रेश्मा’ शिवलंय, दुसऱ्याच्या ‘अंकिता’. पोरं एकमेकांना चिडवायला लागली. एकाची आई दुकानात येऊन विचारते, ही रेश्मा कोण.”

“शिवणारी.”

“ते मला कळलं. पण मी काय सांगू तिला?”

“हेच सांगा.”

“पुढच्या मालाला नको बघा असलं काही. पाठवा नेहमीसारखा, साधा.”

दानेश्वरीने फोन कानाशी धरून शेडमध्ये बघितलं. मशिनी चालू होत्या. रेश्माने कान टवकारून पाय थांबवला होता.

“नेहमीचा असाच येणार आता,” दानेश्वरी म्हणाली. “घ्यायचा तर घ्या.”

रेश्माने पाय पुन्हा मशीनवर ठेवला आणि पुढचा खिसा उलटा करून सुईखाली सरकवला.