कूलरपुढची हार्ड डिस्क

हार्ड डिस्क कशी सांभाळावी यावर आता मी कुणालाही अर्धा तास व्याख्यान झोडू शकतो. आत चकती फिरत असते, चालू असताना हलवू नका. कॉम्प्युटरला सांगितल्याशिवाय केबल उपटू नका. पुढच्या पोर्टाला लावाल तर रखडेल, मागच्याला लावा. मोठी एकच फाइल सुसाट जाते आणि हजार बारके फोटो जीव खातात, कारण कापसाचं गाठोडं उचलणं वेगळं आणि तेवढाच कापूस बोंडाबोंडानं वेचणं वेगळं. वेग अचानक पडला तर शिव्या देत बसू नका, आधी माल दुसरीकडे काढा. समोरच्याला वाटतं, काय जाणकार माणूस आहे! मी जाणकार कसा झालो हे मात्र मी कुणालाच सांगत नाही. अक्कल आली, पण दुसऱ्याच्या नुकसानातून आली.

वरवट बकालला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या गाळ्यात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग हा मुख्य धंदा. आसपास सगळी पऱ्हाटीच, आणि तीही बीटी बियाण्याची, त्यामुळे कापूस घरी आला की लग्नं निघत आणि कापूस फसला की पुढच्या सालावर जात. त्या काळात मी तालुक्यातल्या कुणाहीआधी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली आणि गिऱ्हाइकांसमोर ती मुद्दाम टेबलावर मांडून ठेवायला लागलो. पाचशे लग्नं मावतात यात, असं सांगायचो. कुणी मोजायला बसणार नव्हतं.

डिस्क चालली की तापायची. आता आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्र्याखाली माणूसही शिजतो. वऱ्हाडात तापलेल्या प्रत्येक गोष्टीवर एकच इलाज, कूलर. पाहुणा आला, कूलरपुढे बसवा. पोराला ताप आला, कूलरपुढे निजवा. मीही तेच केलं. कूलरच्या तोंडाशी लोखंडी स्टुलावर डिस्क ठेवली आणि गार हवेत ती छान चालते म्हणून स्वतःवरच खूश झालो. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी इतकं खारट की कूलरच्या गवतावर आठ दिवसांत पांढरा थर बसतो आणि पंखा बारीक तुषार उडवतो, तोही खाराच. माझ्या चष्म्याच्या काचा रोज पांढऱ्या व्हायच्या. मी त्या रोज पुसायचो. डिस्कचा विचार एकदाही डोक्यात आला नाही.

असाच एका मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या पिंजारी चाचांच्या मुलीचा निकाह झाला. चाचा गाद्या भरायचे. माझ्या आईच्या लग्नातली गादीही त्यांच्याच हातची. शूटिंगला मला बोलावलं, पण एक गोष्ट सुरुवातीलाच बजावली.

"बेटा, बायांकडे कॅमेरा नको फिरवू. तिकडे बंदच ठेव."

"हाव चाचा," मी म्हणालो.

मी तिकडे गेलोही नाही. पण दुपारी जेवायला बसलो तेव्हा कॅमेरा स्टँडवर तसाच चालू राहिला, तोंड मागच्या अंगणात चुलीवर चढवलेल्या डेगीकडे. तेवढ्यात चाची आली. तिला मी ओळखायचो ते ओढणीआडून चहाची कपबशी पुढे करणारा हात एवढंच. ती स्वयंपाक्यावर तुटून पडली, "नमक देखके डालो बाबा, हमारा पानी पहलेच खारा है!" मग तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. "हाय अल्ला, ये चालू है क्या?" म्हणून ती तोंडावर ओढणी धरून जी हसली, ती हसतच आत पळाली. सगळं मिळून मिनिटभर.

एडिटिंगला बसल्यावर मी ते पाहिलं आणि एकटाच हसलो. ठेवलंही. पण आमच्या धंद्याची रीत अशी की लग्नाचा खरा आवाज कुणालाच नको असतो. सगळा पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी घालायची. चाचांच्या डीव्हीडीत ती नुसती हात हलवून हसताना दिसत होती, वर ढोलकीचं गाणं. "तेरेकू किसने बोला था उधर जाने को," असं चाचा तिला म्हणाले आणि तेच मिनिट पुन्हा लावायला सांगितलं, हे त्यांच्या जावयानं मला सांगितलं. मूळ आवाजाचं शूटिंग हार्ड डिस्कवर गेलं. तेही कॉपी करून नव्हे, कट करून. लोडशेडिंगची वेळ झाली होती, कार्ड दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला रिकामं हवं होतं, आणि एकच वस्तू दोन जागी ठेवणं मला जागेची उधळपट्टी वाटायचं. शेवटची फाइल गेली न गेली तोच केबल खेचली.

पुढच्या उन्हाळ्यात डिस्क रखडायला लागली. सेकंदाला पंचवीस-तीस एमबी जाणारा माल दोन-तीनवर आला. स्क्रीनवर कधी चाळीस मिनिटं राहिली म्हणायचं, कधी अकरा तास. मी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, केबल बदलली, डिस्क कूलरच्या आणखी जवळ सरकवली. ती आतून खुट्ट खुट्ट करायची, तर रेडिओला मारतात तशी वरून थाप मारायचो. आजारी माणसाला मारावं आणि वर म्हणावं की उठत का नाही, तसला प्रकार.

त्याच पावसाळ्यात चाची गेली. तीन दिवसांचा ताप, बस. तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचा स्टुडिओत आले. टोपी हातात घेऊन उभेच राहिले.

"बेटा, लग्नाची ते शीडी हाये, पण तिच्यात गाणं वाजते. मले तिची आवाज पाह्यजे. पोरगी गरोदर हाये. म्हणते, अम्मीची आवाज पोराले ऐकवीन. तुझ्यापाशी असीन ना?"

"आहे ना चाचा! सगळं जपून ठेवलेलं आहे," मी छातीला हात लावून सांगितलं. "शुक्रवारी या."

ते गेल्यावर मी डिस्क लावली. कॉम्प्युटर म्हणाला, फॉरमॅट करायची का? मी पुढचा पोर्ट पाहिला, मागचा पाहिला, शेजारच्या सायबर कॅफेत नेऊन लावली. खुट्ट खुट्ट. एक अख्खी दुपार ती पत्र्यावर वाळत घातली, मिरच्यांसारखी. शेवटी बस धरून शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं डबी उघडली आणि आतल्या जोडणीवर नख घासून मला दाखवलं. पांढरं आणि हिरवट काहीतरी साचलं होतं.

"समुद्रात पडली होती का?"

"नाही, कूलरपुढे असते."

तो हसला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, हे मीठ परवडलं असतं, जोडणी बदलली असती. पण कूलरच्या थरथरीत, थापा मारून, आजारी डिस्क तुम्ही महिनोन् महिने पळवलीत, आत चकत्यांवर ओरखडे गेले. वेग पडला त्याच दिवशी बंद करून आणली असती तर सगळं निघालं असतं. आता काही नाही.

परतीच्या बसमध्ये मी मांडीवर डिस्क घेऊन बसलो होतो आणि चाचांना खरं सांगायचं ठरवत होतो. गाव जवळ येईपर्यंत ठरलेलं होतं. पण गाळ्यापाशी उतरलो तर शुक्रवार, जुम्म्याची नमाज पढून चाचा ओट्यावर बसलेले, आणि आत डिसेंबरच्या लग्नाची बोलणी करायला दोन गावचे लोक आलेले. मी घाबरलो. या माणसाकडे लग्न टिकत नाही असं एकदा गावात पसरलं की संपलं. त्या एका भीतीपोटी माझं तोंड आपोआप चाललं.

"चाचा, आवाज नाही त्याच्यात. आवाज आलाच नाही. तुमीच तर म्हटलं होतं ना, बायांकडे बंद ठेव म्हणून! म्हणून माइक बंद होता तिकडे. मग कुठून येईन?"

लोकांसमोर, जरा चढ्या आवाजात.

चाचा ओट्यावरून उठले. मग हळूच म्हणाले, "हाव बेटा. बराबर. मीच म्हटलं होतं." माझ्या खांद्यावर हात ठेवला, वर मलाच समजावलं, "तुझी काय गल्ती." आणि गेले. मी आत जाऊन डिसेंबरची लग्नं पक्की केली.

माझी लाज इथं संपत नाही. आमच्या घरात हेच घडलं होतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. बीटी नवीन होती तेव्हा एका साली बाबांची पऱ्हाटी छातीएवढी वाढली आणि बोंडं किडली. बियाणाच्या दुकानदारानं चार माणसांत सांगितलं, "बियाणं फस्क्लास हाये, तुमचीच पेरणी चुकली, फवारणी चुकली." बाबा घरी येऊन स्वतःचे हात पाहत बसले. तेव्हापासून पेरणीच्या दिवशी तिफणीला ते हात लावत नसत, काकांना लावायला सांगत. त्या दुकानदाराला मी गावभर शिव्या घातल्या होत्या. आणि मी काय केलं? तेच. त्याच्या निदान ओळखीचे नव्हते बाबा.

चाचा बोलायचे माझ्याशी, नेहमीसारखे. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी छोटी गादी भरून आणली. मुद्दाम कुठूनतरी देशी कापूस शोधला होता. "हा नवा कापूस दबते तर दबूनच राह्यते. देशी उठते बेटा," म्हणाले. मुलगी त्या गादीवर शांत झोपायची आणि मी तिच्याजवळ बसायचं टाळायचो. बायको विचारायची, काऊन जी? मी म्हणायचो, काई नाई.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. आमच्या शेतात बाबांनी एक बोंड फोडलं, आत गुलाबी अळी. ते धुऱ्यावरून शेजारच्या शेतात गेले, तिथलं फोडलं. पुढच्या शेतात गेले. सगळीकडे तेच. मी कॅमेरा घेऊन मागे होतो, कारण त्या साली लग्नं नव्हती, भरपाईसाठी किडलेल्या बोंडांचे फोटो काढणं एवढंच काम होतं. बाबा परत आले ते नुकसान झालेल्या माणसासारखे नव्हतेच.

"सगळ्याइचंच गेलं," ते म्हणाले. "म्हंजे तवाबी माह्या हाताचा दोष नसीन. नाई?"

एवढी वर्षं ते हात संशयात घेऊन जगले होते. मी फोटो काढायचा थांबलो. कॅमेरा पिशवीत घातला आणि सरळ चाचांच्या घरी गेलो, चपला चिखलानं भरलेल्या, तसाच.

चाचा आता गाद्या भरत नव्हते. डोळे अधू झाले होते, खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. कूलर, खारं पाणी, कट करणं, थापा. डेगीपाशी कॅमेरा आवाजासकट चालू राहिल्याचं. चाची मिठावरून काय बोलली, तिला कॅमेरा दिसल्यावर काय म्हणाली. शुक्रवारचं खोटं. बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहत होतो.

त्यांनी रेडिओ बंद केला.

"म्हंजे आवाज होती."

"होती चाचा."

"चालू होता माइक. मी बंद नव्हता करायला लावला."

"तुमी फक्त बायांकडे नको म्हटलं होतं. तो चालूच होता. आवाज माझ्या हातानं गेली."

मी वाट पाहत होतो की ते चिडतील, हात उगारतील. मारलं असतं तर मी सुटलो असतो, आणि ते त्यांनाही कळत असावं.

"सहा सालापासून दर गुरवारी, जुमेरातले, मी कबरस्तानात जातो," ते म्हणाले. "तिची माफी मागतो. तुझी आवाज मी मिटवली, माफ कर, म्हणतो. पोरीचीबी मागितली माफी. पोरगी अजून कधीमधी म्हणते, अब्बा, तुमच्या हुकमापायी गेली अम्मीची आवाज."

त्यांनी खाटेखाली पायानं चाचपून चपला ओढल्या आणि काठी घेतली. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. मी पटकन उठलो, गाडी काढतो, सोडतो म्हणालो, कबरस्तानापर्यंत किंवा मुलीच्या गावापर्यंत, म्हणाल तिथं.

"नको," चाचा म्हणाले. "तू नको येऊ. आज मले तिच्याशी माफीबिगर बोलायचं हाये."