शालू, छाप आणि चढती बोली

शालू गेल्याचं तिच्या मुलीने, केतकीने, सकाळी फोनवर सांगितलं तेव्हा मी विंचूरला माझ्या दिरांकडे होते आणि माझ्या पर्समध्ये शालूसाठी घेतलेली एक काडेपेटी होती. आदल्या दिवशी कांदा मार्केटसमोरच्या टपरीवर चहा घेताना पेटीवरचं चित्र नवं वाटलं, म्हणून टपरीवाल्याकडून काड्यांसकट मागून घेतली होती. झोपेतच गेली, त्रास काही झाला नाही, असं केतकी सांगत होती. मी हो, हो म्हणत होते, आणि मनात मात्र एवढंच येत होतं की आता ही पेटी मी दाखवू कुणाला… दीड महिना झाला. आता तिची आठवण आली की रडू कमी आणि हसू जास्त येतं, म्हणून लिहायला बसले आहे.

शालूला काडेपेटीवरचे छाप जमवायचा नाद होता. छाप म्हणजे पेटीवर चिकटवलेला तो चित्राचा कागद. हा नाद तिला मनमाडने लावला. वडील तिथे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मनमाडला चहूकडून गाड्या येतात, लोक फलाटावर उतरतात, विड्या ओढतात, रिकाम्या पेट्या टाकून देतात. शाळा सुटली की ही परकरी पोर वडिलांचा डबा न्यायच्या निमित्ताने फलाटावर जायची आणि पेट्या गोळा करून आणायची. वाघ, कमळ, विमान, पाळण्यातलं बाळ, काय वाटेल ते त्यावर असायचं. आई पेट्या बंबात घालायची, म्हणून शालू पेटी कोमट पाण्यात भिजवून छाप सोडवायला शिकली. कागद भूगोलाच्या पुस्तकात वाळत ठेवला की आईला पत्ता लागत नसे. कुठला छाप कुठल्या गावचा हे शोधता शोधता तिला सगळा नकाशा पाठ झाला आणि पुढे ती नाशिकला भूगोलाचीच शिक्षिका झाली. आपल्याला नोकरी काडेपेटीने लावली, असं ती वर्गातल्या मुलांना उघड सांगायची.

आमची ओळखसुद्धा काडेपेटीनेच झाली. कॉलेज रोडच्या मागच्या आमच्या सोसायटीत ती समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि दुसऱ्याच दिवशी दार वाजवून तिने काडेपेटी आहे का म्हणून विचारलं. मी भरलेली पेटी पुढे केली तर म्हणाली, रिकामी हवी आहे. बाईंचं सामान लागायचंय, गडबडल्या असतील, असं मला वाटलं. संध्याकाळी तिने मला घरी नेऊन अल्बम दाखवले, आणि मी आमटी गॅसवर आहे हे विसरून तिथेच बसले. तेव्हापासून मी कुठल्याही गावाला गेले तरी आधी पानाच्या टपरीकडे बघते. मी बँकेत अधिकारी होते, नवरा गमतीने म्हणायचा, आमच्या साहेब बाहेरगावी गेल्या की काडेपेट्या तपासतात.

निवृत्तीनंतर केतकीने शालूला मोबाइलवर छाप जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. आयुष्यभर एकटीने केलेला वेडेपणा इतके लोक करतात हे बघून ती हरखून गेली. सकाळी दूध आत घेण्याआधी ग्रुप बघायची. काही महिन्यांनी तिथे लिलाव सुरू झाले. कुणी एखाद्या छापाचा फोटो टाकायचा, लोक बोली लावायचे, वेळ संपली की शेवटची बोली जिंकली. एकदा एक कमळाचा छाप माझ्या महिन्याच्या पेन्शनला गेला आणि शालू तडक माझ्याकडे आली. लोकांनी फेकून दिलेल्या कागदाला एवढे पैसे मागायला लाज कशी वाटत नाही, असं तिचं म्हणणं. मी बँकेतली. मी म्हटलं, कुणी कुणाच्या डोक्यावर काठी घेऊन उभं नाही. घेणारा राजी, देणारा राजी, तर अन्याय कुणावर झाला? यावर ती म्हणाली, "विजू, मला परवडत नाही याचं काही नाही गं. पण तो छाप आता कुणाच्या तरी तिजोरीत जाणार. उद्या माझ्यासारखी एखादी पोर त्याच्यापायी वेडी झाली, तर तिला तो बघायलाही मिळणार नाही." हा वाद आमच्यात पुढे दोन वर्षं चालला. चहा कुणाकडे, त्यावर सुरुवात कोण करणार ते ठरायचं.

आणि मग तो जोडकणसांचा लिलाव आला. ज्वारीची दोन कणसं, मागे उगवता सूर्य. विकणाऱ्याने लिहिलं होतं, हा एकच उरला आहे. पुण्यातला एक तरुण आणि इंदूरचे एक डॉक्टर हट्टाला पेटले. बोली चढत चाललेली, सगळा ग्रुप श्वास रोखून बसलेला, आणि शालूने आपल्या अल्बममधल्या तीन जोडकणसांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, भांडू नका, माझ्याकडे तीन आहेत, दोघांनाही एकेक पोस्टाने पाठवते, पैसे नकोत. लिलाव तिथल्या तिथे आटपला. ग्रुप चालवणाऱ्याने तिला ग्रुपमधून काढून टाकलं. ती मला हे सांगायला आली तेव्हा परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखी दिसत होती. आम्ही दोघी हसून हसून दमलो.

दोन दिवसांनी विकणाऱ्याचा फोन आला. तो कुणी व्यापारी निघाला नाही. दिंडोरीला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, नाव भाऊसाहेब. छाप त्याच्या वडिलांनी जमवलेले, आणि ते वारल्यावर त्याने पहिल्यांदाच एक विकायला काढला होता. एकच उरलाय असं वडील सांगायचे, म्हणून त्याने तसं लिहिलं. तो भांडला नाही, फक्त वडिलांचे बाकीचे छाप तिने एकदा बघावेत, असं म्हणाला. फोन ठेवल्यावर शालूचं हसू गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने दिंडोरीला गेलो.

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते, गॅरेजमध्ये फवारणीची यंत्रं दुरुस्तीला लागली होती. भाऊसाहेबाने हात पुसले, आम्हाला खुर्च्या दिल्या आणि आतून बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणले. डब्यांत छापच छाप, खाली-वर कोंबलेले. शालूने माफी मागायला सुरुवात केली तर त्याने तिला थांबवलं. "ताई, तुम्ही फुकट देता ते लय चांगलं हाय. पण माझ्या बापाला सगळं गाव येडा म्हनायचं. कचरा येचतो म्हनायचं. त्या दिवशी बोली चढाय लागली ना, तवा मी पोरांना बोलावून मोबाइल दाखवला… म्हनलं, बघा, तुमचा आजा येडा नव्हता."

शालूने पर्समधून चिमटा काढला, डबा मांडीवर घेतला आणि एकेक छाप उचलून बघायला लागली. हा सिन्नरचा, हा कुठला असेल, हा तर मी कधी पाहिलाच नाही, असं तिचं सुरू झालं ते दुपार टळेपर्यंत. भाऊसाहेबाच्या बायकोने जेवायला वाढलं तरी हिचं लक्ष डब्यातच. परतीच्या एसटीत मला म्हणाली, "किंमत म्हणजे नुसती हाव असं मी समजत होते. त्याच्यासाठी ती शाबासकी होती गं."

पुढचे तीन महिने ते डबे शालूच्या घरी होते. तिने प्रत्येक छाप स्वच्छ केला, गाव शोधलं, आणि किती ठिकाणी तो शिल्लक आहे हे ग्रुपमधल्या ओळखीच्या लोकांना फोनवर विचारून घेतलं. ग्रुप चालवणाऱ्याला स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली, त्याने तिला परत ग्रुपमध्ये घेतलं, आणि वर तिने त्यालाच अट घातली. लिलाव होईल, पण आधी सगळे छाप लोकांना बघायला मिळतील, कुणालाही, फुकट. सोसायटीच्या हॉलमध्ये दोन दिवस आम्ही ते मांडले. मला वाटलं, येईल कोण. पण शाळेच्या सहली आल्या, नाशिक रोडहून निवृत्त मंडळी आली. एका आजोबांनी एका छापावर बोट ठेवून, ही पेटी आमच्या दुकानात असायची, असं सांगितलं आणि तिथेच खुर्ची ओढून बसले, ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा राहून सगळ्यांना नमस्कार करत होता. मागे वडिलांचा फोटो, त्याला हार.

लिलाव शालूच्या दिवाणखान्यात बसून झाला. ती मोबाइल धरून होती, भाऊसाहेब पाणी पीत होता. बोली पहिल्यापेक्षा वर गेली, कारण आता प्रत्येक छापाला गाव होतं, खरी माहिती होती. आणि चढ्या किमतीला अन्याय म्हणणारी आमची शालू खोलीत येरझाऱ्या घालत पुटपुटत होती, अजून थोडं… अजून थोडं वर जाऊ दे. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हसू नकोस. सगळ्यांचं बघून झालंय आता. आता चढू दे." शेवटचा छाप गेला तेव्हा भाऊसाहेब तिच्या पाया पडायला वाकला, तर तिने त्याला वरच्या वर उठवून पेढा भरवला. आमचा वाद मात्र मिटला नाही. तू हरलीस असं मी म्हणायचे, आणि बघू न देता विकणं हा अन्यायच, असं ती म्हणायची. खरं तर तोवर आम्ही दोघी एकच बोलत होतो.

शालूचे दिवस झाल्यावर तिच्या संग्रहाचं काय करायचं हा प्रश्न आला. केतकी बंगळूरला असते, तिला या नादात कधीच रस नव्हता. चांगली किंमत येते आहे तर रीतसर लिलाव करू, असं तिचंच म्हणणं होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं. आईच्या अटीप्रमाणे आधी सगळं मांडलं, लोक बघून गेले. मग आम्ही दिवाणखान्यात बसलो. भाऊसाहेब दिंडोरीहून द्राक्षं घेऊन आला होता. पहिला छाप ग्रुपवर टाकायला त्याने हातात घेतला तर केतकी म्हणाली, हा नको, यावरून आईने मला मोर काढायला शिकवलं होतं. दुसरा घेतला, तोही नको, तापात पडले होते तेव्हा हा उशाशी होता. असे कितीतरी झाले. शेवटी तिलाच हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. विक्रीला निघाले ते फक्त दुहेरी असलेले, आणि तेही लोकांनी अशा अटीतटीने घेतले की शालू दिवसभर येरझाऱ्या घालत राहिली असती.

केतकी परत गेली, किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी शालू फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवायची, वाऱ्याने लागू नये म्हणून खाली वरवंटा लावायची. कुणाला छाप बघायचे असले तर त्याला बेल वाजवायचा संकोच होऊ नये, म्हणून. गेल्या रविवारी मी अल्बम टेबलावर काढले, दार उघडलं, वरवंटा लावला आणि चहा टाकला. अर्ध्या तासाने जिन्यात चपलांचा आवाज आला आणि कुणीतरी विचारलं, आत येऊ का?