लंगडीचा आवाज

अजूनही एखादा तरुण माझ्या पडवीत येतो, गोणपाटाखाली झाकलेली जुनी फटफटी बघतो आणि विचारतो, "डॉक्टर, एवढ्या नव्या गाड्या निघाल्या, तुम्ही हे भंगार काहून ठेवलं?" मग मी त्याला ठरलेली कारणं सांगतो. हिचा पट्टा चामड्याचा आहे, तुटला तर कुठल्याही गावचा चांभार शिवून देतो. हिची सगळी हाडं बाहेर दिसतात, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते शोधावं लागत नाही. नवी गाडी दुखणं पोटात दडवते आणि नेमकी ओढ्यात दगा देते. जी गाडी कुरकुरत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही. माणसांचंही तसंच. 'जुनं ते सोनं' असं मात्र मी म्हणत नाही, कारण ती म्हण मी बहुतेक वेळा पितळ विकणाऱ्याच्याच तोंडून ऐकली आहे.

ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्या मागे आणखी एक कारण आहे. ते सांगायची लाज वाटते, म्हणून आजवर कोणाला सांगितलं नाही.

निजामी अमलात मी ढोरांचा डॉक्टर होतो. ठाणं कळमनुरीला. एका अंगाला डोंगरकडा गावाच्या पलीकडची खेडी, दुसऱ्या अंगाला थेट शिरड शहापूरपर्यंत, एवढा मुलूख एकट्याने फिरायचा. स्वभाव पहिल्यापासून संशयी. गवळ्याने दूध मापलं की मी त्यात बोट बुडवून बघणार. कोपऱ्यावर दोन माणसं हसली की माझ्यावरच हसली असं धरून चालणार. बायको म्हणायची, "अहो, देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी तुम्ही आधी हुंगून बघाल." मी तेही हसण्यावारी नेत नसे. तिला हे कोणी शिकवलं, याचा विचार करत बसे.

जुनी फटफटी मी छत्तीसच्या सुमाराला हिंगोलीच्या एका जिनिंगच्या मॅनेजरकडून घेतली. तो म्हणाला, गावी परत चाललोय म्हणून विकतोय. मी महिनाभर चौकशी केली, तो खरंच गावी गेला का याची. गियरचा दांडा टाकीच्या कडेला, हाताने ओढायचा. दिवा कार्बाइडचा. दर चार-पाच मैलांनी एक दट्ट्या दाबून इंजिनाला तेल पाजायचं, नाहीतर ते रुसायचं. आणि तिच्या आवाजात एक खोड होती. तीन ठोके नीट पडायचे, चौथा गिळला जायचा. डग, डग, डग, आणि मग रिकामं. खेड्यातल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं लंगडी.

हिंगोलीचा मिस्त्री वारंवार म्हणायचा, "डॉक्टरसाब, एक दिन मेरे पास छोडो, इसका लंगडापन निकाल देता हूँ." मी कधी सोडली नाही. माझी खात्री होती की लंगडेपणासोबत हा एखादा चांगला भागही काढून घेईल. म्हणून ती बारा वर्षं लंगडतच राहिली.

लढाई संपल्यावर लष्कराच्या गाड्या विकायला निघाल्या. त्यातली एक हातोहात फिरत अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला हिंगोलीला आली. खाकी रंगाची, पायाने गियर टाकायची, साखळीवर चालणारी, विजेच्या दिव्याची. तेल आपलं आपण पिणारी. आवाज घुमता आणि एकसारखा. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. इतकी चांगली वस्तू लष्कराने का सोडली? पण बायको हट्टाला पेटली. "दर आठवड्याला तुमच्या पँटचं तेल काढून माझी नखं काळी झाली," ती म्हणाली. शेवटी खाकी गाडी घरी आली आणि लंगडी पडवीत गोणपाटाखाली गेली.

त्याच वर्षीचा उन्हाळा लागला. डोंगरकड्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथला पाटील माझा बारा वर्षांचा स्नेही. मी गावाच्या पारापाशी उतरायच्या आतच सगळी जनावरं रांगेने बांधलेली असायची. दुसरीकडे एक बैल धरून आणायला घटका जायची, इथे सगळं तयार. मग पाटलाच्या घरी दही-भाकरी. हे सगळं पाटलाच्या शिस्तीने होतं असं मी समजत होतो. मी येतोय हे त्याला आधी कळतं कसं, हा प्रश्न एवढ्या संशयी माणसाला बारा वर्षांत एकदाही पडला नाही.

शेजारच्या खेड्यात घटसर्पाने जनावरं पडू लागली होती. सकाळी गळा सुजायचा, संध्याकाळी बैल आडवा. पाऊस लागायच्या आत पाटलाच्या गावाला लस टोचणं जरूर होतं, नाहीतर पेरणीला एक जोडी उरली नसती. मी लसीच्या बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि त्या गावाला पहिल्यांदाच खाकी गाडीवर निघालो. झपाट्याने पोचलोही. गाव मोकळं होतं. दारांना कड्या. एका अंगणातल्या चुलीवर तव्यात भाकरी करपत होती. विहिरीवरच्या पोहऱ्यातून अजून पाणी गळत होतं. माणूस नाही, जनावर नाही. मी हाका मारल्या. घटकाभर थांबलो आणि लस तापायला लागली म्हणून परतलो.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. तसंच. फरक एवढाच की या वेळी टेकडीवरून गोफणीचा दगड आला आणि माझ्या दिव्याची काच फुटली.

परतताना माझं डोकं तापलं होतं. तो काळच वाईट होता. खाकीतल्या हत्यारबंद टोळ्या मोटारींवर बसून खेड्यांत घुसत होत्या, धान्य-जनावरं ओढून नेत होत्या. सरकारी नोकराकडे लोक तिरप्या नजरेने बघत. सरहद्दीपलीकडे तळ देऊन निजामाविरुद्ध लढणाऱ्या मंडळींशी कोणाचं संधान आहे, याची कुजबुज रोज कानावर यायची. मी दोन आणि दोन पाच केले. पाटील फिरला. त्यानेच गावाला माझ्याविरुद्ध भडकवलं. दही खाऊ घालणारा हात दगडही मारतो, असं मी बायकोला ऐकवलं.

त्याच संध्याकाळी मी तहसिलीसाठी उर्दूत रिपोर्ट लिहिला. गाव लस घेत नाही, पाटील लोकांना चिथावतो, सरहद्दीपलीकडे त्याचं येणं-जाणं असावं, सरकारी नोकरावर दगड पडला. खाली सही, वर दवाखान्याचा शिक्का. असा कागद गेला की काय होतं ते मला ठाऊक होतं. माणसाला उचलून नेत. काही परत येत, काही येत नसत. ठाऊक असून मी लिहिला. 'असावं' हा शब्द तर खास विचार करून घातला.

बायको म्हणाली, "एकदा भेटून तरी या. बारा वर्षं त्यांच्या घरचं दही खाल्लंत."

"भेटायला गेलो तर दगड खाल्ला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जुम्मा, शुक्रवारची सरकारी सुट्टी. कचेरी बंद. रिपोर्ट शनिवारी द्यायचा होता, पण लस तोवर टिकणार नव्हती. मी ठरवलं, तिसऱ्यांदा जाऊन यावं. दया आली म्हणून नाही. 'तीनदा प्रयत्न केला' असं रिपोर्टात वाढवता येईल म्हणून. रिपोर्ट औषधांच्या पिशवीतच होता.

खाकी गाडी सुरूच होईना. त्या वर्षी बाहेरून पेट्रोल येणं बंद झालं होतं. जे मिळायचं त्यात अर्धं रॉकेल. खाकी महाराणीला ते पचेना. लाथा मारून माझा गुडघा सुजला. शेवटी लंगडीवरचं गोणपाट काढलं. तेच पेट्रोल तिच्यात ओतलं, दट्ट्या दाबून तेल पाजलं, चार पावलं ढकलली. ती खोकली, निळा धूर सोडला आणि लागली चालायला. डग, डग, डग, आणि मग रिकामं.

गावाअलीकडच्या ओढ्यात उतरलो, तोच पळसाच्या झुडपामागून एक माणूस उभा राहिला. गावची राखण करणारा जागल्या. हाताला गोफण गुंडाळलेली. मी गाडी थांबवली. त्याने मात्र माझ्याकडे पाहून हात जोडले आणि डोंगराकडे तोंड करून ओरडला, "लंगडी हाय रे! आपली लंगडी आली!"

डोंगराच्या घळीतून आधी धूळ उठली, मग घंटा वाजल्या, मग लालकंधारी बैल उतरायला लागले. मागे बायाबापड्या, लेकरं. सगळ्यांच्या पुढे पाटील, पागोट्यावर पाचोळा.

"कुठं व्हते दाक्तरसाब?" तो धापा टाकत म्हणाला. "लस कवा येती म्हून वाट बघून राहिलो आमी. आन् इकडं दोन डाव खाकी फटफटी येऊन गेली. जनावरं घेऊन घळीत बसलो. चुलीबी इझवल्या न्हाईत."

"तो मीच होतो," मी म्हणालो.

पाटील आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. जागल्याने गोफण पाठीमागे नेली.

"तुमी?" पाटील म्हणाला. "आता काय करावं याला! वरून माणूस वळखू येत न्हाई, आमी तं कानावर जगून राहिलो, दाक्तरसाब. गाडी एकसारखी वाजली की पळायचं. लंगडत आली की जनावरं पाराला बांधायची. बारा वर्साचा रिवाज हाय. लेकरालाबी ठावं हाय."

माझ्यापुढे बारा वर्षांची ती जनावरांची रांग उभी राहिली. पाटलाची शिस्त वगैरे काही नव्हतं. ओढ्यापलीकडून माझा लंगडा ठोका ऐकू आला की घराघरातून दावी सुटत होती. गाडी म्हटली की जिथे सगळं जग पळायला उठत होतं, तिथे एका आवाजाला गाव थांबत होतं, आणि तो आवाज मीच पडवीत झाकून ठेवला होता.

मी पारावर कामाला लागलो. पाटील पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि मागेन तसा कापूस, सुई, स्पिरिट काढून देऊ लागला. रिपोर्ट आत आहे हे मला आठवलं, तेव्हा निम्मी जनावरं झाली होती. पण मी घाबरलो नाही. कागद उर्दूत होता आणि पाटलाला उर्दू येत नाही हे मी धरूनच चाललो होतो. बारा वर्षांत त्याच्या हातात मी कासरा पाहिला, विळा पाहिला, कागद कधी पाहिला नव्हता.

शेवटची कालवड सुटली आणि हात धुऊन मी वळलो, तर तो कागद पाटलाच्या हातात होता.

"कापूस काढताना निघाला," तो म्हणाला. "सरकारी शिक्का हाय. आमच्यासाठी हाय का? टोळी आली तं दाखवता यील."

तो कागद त्याने टोळीपुढे धरला असता तर! "नाही, नाही," मी म्हणालो, "ती औषधांची यादी आहे."

"बराबर," तो म्हणाला. "तुमी म्हणता तं यादीच." आणि होत्या त्याच घड्यांवर घडी घालून कागद मला परत दिला.

मी तिथेच बसून दुसरा कागद उर्दूतच लिहिला. हे गाव जनावरांच्या खात्याला नेहमी मदत करतं, इथला पाटील भरवशाचा माणूस आहे, याची जनावरं सरकारी देखरेखीत आहेत. शिक्का पिशवीत होता, तो मारला आणि कागद पाटलाच्या हाती दिला. पहिला कागद परतताना ओढ्यात जाळला. घरी बायकोने विचारलं, "भेटले का?" मी म्हणालो, "भेटले."

भाद्रपदात निजामी गेली. दिवाळीच्या सुमारास पाटील दह्याचं मडकं घेऊन घरी आला. खिशातून माझा तो दुसरा कागद काढून पुढे ठेवला. "एक डाव कामाला आला," तो म्हणाला. "आता लागत न्हाई. तुमचा तुमाला."

मला बरं वाटलं. पण जित्याची खोड. मी विचारलं, "हा कोणाकडून वाचून घेतला होता का, पाटील?"

"कुणाकडून काहून? मला येतं की," तो म्हणाला. "आमच्या टायमाला शाळेत उर्दूच व्हतं."

दह्याची वाटी मी खाली ठेवली. मी म्हणालो, "मग ती यादी..."

"वाचली व्हती. पहिल्या वळीपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"निम्मी जनावरं टोचायची व्हती, दाक्तरसाब. गावाला कळलं असतं तं तुमाला एका ढोराला हात लावू दिला नसता. पेरणी कशावर केली असती?" तो मडक्यावरचं फडकं नीट करत होता. "आन् शेवटी म्या इचारलं व्हतं की. तुमी यादी म्हणले."

मी त्याची माफी मागायला हवी होती. ती मी मागितली नाही. बायकोने चहा आणला, तो त्याने शांतपणे प्यायला आणि उठला. पडवीत दोन्ही गाड्या उभ्या होत्या. लंगडीच्या टाकीवर त्याने हात ठेवला.

"पुढल्या डावाला हीच आणा," तो म्हणाला. "गाव हिला वळखते."

खाकी गाडी मी महिन्याभरात काढून टाकली. मिस्त्रीने लंगडीचा लंगडेपणा काढायचं पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो, आणि त्या वेळी माझ्या मनात त्याच्याविषयी काही संशय नव्हता. त्या गावाला नोकरी असेपर्यंत मी दुसऱ्या कुठल्या गाडीवर गेलो नाही. ओढ्यात उतरलो की पलीकडे घंटा वाजायला लागायच्या, आणि पारापाशी पोचेपर्यंत जनावरं बांधलेली असायची.